रक्ताचा रेटा

सहाव्या महिन्याच्या सोनोग्राफीत पडद्यावर आमच्या बाळाचं हृदय लुकलुकत होतं. त्याची डावी बाजू मात्र उजवीच्या निम्मीही नव्हती.

"हृदयाच्या पेशींना वाढायला शरीरातले रासायनिक निरोप लागतात, तसा वाहत्या रक्ताचा रेटाही लागतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डावीकडे रक्त कमी गेलं, म्हणून ती बाजू वाढलीच नाही."

माझ्या बायकोनं, वैशालीनं, पोटावरचं जेल पुसता पुसता विचारलं, "मी कुशीवर झोपले तर जाईल का तिकडे रक्त?"

"नाही हो. यात तुमच्या हातात काही नाही. जन्मल्यावर ऑपरेशनचं बघू."

आम्ही रिक्षानं घरी निघालो. मला वाटत राहिलं, डोळ्यांना न दिसणारी पेशीसुद्धा कुणीतरी रेटल्याशिवाय मोठी होत नाही. पाळण्याला झोका देणं, सायकल शिकवताना मागून ढकलणं, हे सगळं बापाला जमतं. पण ते पुढचं. आत्ता हवा होता एवढासा रेटा, आणि तो मला देता येत नव्हता.

तेवढ्यात वैशालीनं माझा हात पोटावर नेला. बाळ आतून जोरात ढकलत होतं. मी नुसता हात ठेवून बसलो.