व्हरांड्यातला सातचा दिवा

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आले, आणि दर वेळी पान उलटताना मनात म्हणत आले, की माणूस एकटा पडला की त्याला काहीही दिसतं. आता मी एकटी आहे. पण हे सुरू झालं तेव्हा घरात आम्ही दोघं होतो, म्हणून लिहायचं धाडस करते.

लखनौला इंदिरा नगरमध्ये आमचं बैठं घर आहे. हे सरकारी प्रयोगशाळेत उपकरणांच्या दुरुस्तीचं काम पाहायचे. मी यांची दुसरी बायको. पहिल्या, मालतीबाई, याच घरात आजारपणात गेल्या. माझ्यासाठी यांनी त्यांचा फोटोसुद्धा उतरवून ठेवला होता. फोटोचा मला त्रास झालाही नसता... त्रास झाला तो व्हरांड्यातल्या दिव्याच्या बटणाचा.

शेजारच्या मिश्राभाभी एकदा मालतीबाईंबद्दल सहज म्हणाल्या, "दीदी तो मोड़ पर स्कूटर की आवाज़ सुनते ही बत्ती जला देती थीं. और भाईसाहब गेट पर खड़े होकर बल्ब को नमस्ते करते थे!"

दिवा लागला की हात जोडायचे, ही आपल्याकडची साधी रीत. भाभींना तिची गंमत वाटायची. मला वाटली नाही. माझं डोकं सदा पुस्तकात, स्कूटर कधी वेळेवर ऐकूच यायची नाही. हे अंधारात गेट उघडायचे. तिथेच क्षणभर थांबायचे. त्या काळ्या बटणाची कड बोटांनी झिजून फिकी झाली होती – आणि ती बोटं माझी नव्हती.

मीच हट्ट धरला, की ते काढून तिथे टायमर बसवा. यांनी एका रविवारी मेन स्विच बंद करून तो बसवला. घड्याळासारखी तबकडी, कडेला खिळ्या. सातची खिळी दाबली की रोज सातला दिवा लागणार. जुनं बटण मी केरात टाकायला उचललं, तर "राहू दे," म्हणत यांनी ते खिशात टाकलं.

काही दिवस दिवा सातला लागला. मग एकदा हे ऑफिसातून लवकर निघाले. मी व्हरांड्यात वाचत बसले होते, बाहेर चांगला उजेड होता. डोक्यावरचा दिवा लागला... आणि मग मला मोडावर, गल्लीच्या वळणाशी, स्कूटर ऐकू आली. हे गेटशी थांबले, हात जोडले. मग मी दिसले, तसे हात खाली घेतले.

"वीज जाते ना सारखी," हे म्हणाले. "तेवढा वेळ आतलं घड्याळ बंद पडतं."

"मग दिवा उशिरा लागेल. लवकर कसा लागेल?"

यांनी टायमर उघडून पाहिला. खिळी सातवरच होती. "कळत नाही," म्हणाले. एखाद्या यंत्राबद्दल हे शब्द यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

त्यानंतर तेच होत राहिलं. यांना उशीर झाला की सात वाजून जायचे, दिवा नाही. स्कूटर वळली की दिवा. एका संध्याकाळी मी मुद्दाम मोडापर्यंत जाऊन परत आले, गेटची कडी वाजवली, व्हरांड्याकडे पाहत उभी राहिले. अंधारच.

त्या दिवशी मी यांना म्हटलं, "काढून टाका तो टायमर."

"मग जुनं बटण परत बसवू?"

मी पुस्तक उघडलं. तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

मागच्या हिवाळ्यात हे कामावर असतानाच गेले. घरी आणलं ते लोकांच्या गाडीतून. गाडी मोडावर वळली तेव्हा माणसांच्या गर्दीतून मी त्या दिव्याकडेच पाहत होते, हे लिहायला आज संकोच वाटतो. दिवा लागला नाही. नंतर सातला लागला.

तेव्हापासून तो रोज सातलाच लागतो. वीज गेली तर तेवढाच मागे पडतो, हे सांगायचे अगदी तसा. भाभी म्हणतात, चला, मशीन सुधारलं. एका इलेक्ट्रिशियनला दाखवलं, त्याला कधी काही बिघडलं असेल असंही वाटेना. मला एवढंच वाटतं, की मालतीबाईंना आता कुणासाठी दिवा लावावा लागत नसेल.

जुनं बटण मी यांच्या सगळ्या कपड्यांत, सगळ्या खणांत शोधलं. सापडलं नाही.