पितळी पत्ते

कोल्हापुरात मोठ्या आवाजाच्या माणसांचा तुटवडा कधीच नव्हता, पण माझ्या बायकोच्या धाकट्या आत्याइतकं मोठ्यानं बोलणारं आणि तिच्याइतकी लहान चित्रं करणारं माणूस मी अख्ख्या जिल्ह्यात दुसरं पाहिलेलं नाही. ती शिवाजी पेठेत एका तालमीसमोर वरच्या मजल्यावर राहायची. खाली मॅच जिंकून आलेल्या पोरांचा गुलाल आणि हलगी चालू असली तरी आत्यानं गॅलरीतून मारलेली हाक गल्लीच्या टोकाच्या भाजीवाल्याला ऐकू जाई, आणि तो मुकाट्यानं अर्धा किलो दोडकी बाजूला काढून ठेवी. हा आवाज तिला नोकरीनं दिला होता. ऐन उमेदीची वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल हातानं जोडायच्या ट्रंक बोर्डावर काढली. पावसाळ्यात चंदगडकडच्या लायनी अशा खरखरत की ऑपरेटरनं बेंबीच्या देठापासून ओरडल्याशिवाय पलीकडं साधं 'हॅलो'सुद्धा पोचत नसे. पुढं आपोआप जोडणारी यंत्रं आली, बोर्ड मोडीत निघाले, आत्या बिलाच्या काउंटरवर बसू लागली. आवाज मात्र चंदगडच्याच मापाचा राहिला. आणि एक खोड राहिली. समोरचा माणूस बोलत बसला की थोड्या वेळानं ती, ट्रंककॉलची तीन मिनिटं संपल्यावर ऑपरेटर विचारे त्याच ठेक्यात, विचारायची, "टाइम झाला, वाढवू का?" लग्नानंतर मी पहिल्यांदा तिच्याकडं जेवायला गेलो तेव्हा तिनं "जयभीम, जावईबापू" म्हणून पाटावर बसवलं, माझ्या हायस्कुलाची, पगाराची, सर्दीची चौकशी केली आणि मध्येच विचारलं, "वाढवू का?" मी म्हणालो, "हो, थोडा भात चालेल."

तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, साखर कारखान्यात टाइमकीपर होते आणि निसर्गानं समतोल राखावा तसे गप्प होते. त्यांना लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी एकच मुलगी झाली, सुजाता. या सुजाताच्या शाळेच्या प्रोजेक्टपायी सगळं घडलं. माहिती शोधायला आत्या तिला घेऊन सायबर कॅफेत गेली. तासाचे पैसे भरलेत तर तास पुरा वापरायचा म्हणून प्रोजेक्ट झाल्यावरही ती उठली नाही, आणि पोरीनं कुठलंतरी बटण दाबल्यावर समोर आली पत्त्यांच्या पानाएवढी चित्रं. घड्याळाची चाकं, तांब्याच्या नळ्या, चष्मे लावलेल्या बाया, वाफेवर उडणारी जहाजं. जगभरातली हौशी माणसं अशी चिमुकली कार्डं हातानं बनवतात आणि एकमेकांना देतात, असं तिथं लिहिलं होतं. या प्रकाराला स्टीमपंक म्हणतात. आत्यानं गॅलरीतून सगळ्या पेठेला समजावलं, "म्हंजे वाफेच्या इंजिनाचं राज्य संपलंच न्हाय असं समजायचं! विमान हाय, पर खाली कोळसा घालाय लागतोय!" पेठेनं त्यातलं निम्मंच ऐकलं. आठवड्याभरात राधानगरीकडचा एक शेतकरी पत्ता विचारत जिना चढून आला आणि म्हणाला, "बाई, ते स्टीम पंप तुमच्याकडं मिळत्यात न्हवं? नदीवर बसवायचा हुता." आत्यानं त्याला चहा पाजला आणि तास दीड तास कार्डं दाखवली. तो बिचारा जाताना एवढंच म्हणाला, "पाणी वडत न्हाय म्हंजे."

ती त्यांना कार्ड म्हणायची नाही, पत्ते म्हणायची. लग्नपत्रिकेचा जाड कागद मापात कापून चहाच्या चोथ्यात भिजवायचा, म्हणजे शंभर वर्षं जुना दिसतो. त्यावर जळक्या मोटारीतून काढलेली तांब्याची तार, जुन्या साडीची जर, प्रेस बटणं, एस.टी.ची तिकिटं आणि मुख्य म्हणजे टेलिफोन बोर्डाचं पितळ. बोर्ड मोडीत काढताना साहेबांनी ऑपरेटर बायकांना आठवण म्हणून सुटे भाग घरी न्यायची परवानगी दिली होती. कॉल जोडायचे पितळी प्लग, चाव्या, बारीक स्प्रिंगा असं पिशवीभर सामान आत्याच्या माळ्यावर पडून होतं. परदेशातल्या पत्त्यांवर उंच टोपीवाले साहेब असत. आत्याच्या पत्त्यावर पैलवान असे, छातीच्या जागी बॉयलर आणि लंगोटाला जरीची किनार. एकावर शिंगांतून धूर सोडणारी म्हैस, एकावर पंख फुटलेलं गुऱ्हाळ पंचगंगेवरून उडत चाललेलं. एकदा मामांचं किल्लीचं घड्याळ सापडेना. संध्याकाळी त्याची चाकं त्यांना उडत्या गुऱ्हाळाच्या पंखात दिसली. त्यांनी पत्ता कानाला लावून पाहिला आणि विचारलं, "आता चालत न्हाय?" आत्या म्हणाली, "चालायचं काय घेऊन बसलाय? उडाय लागलंय की!"

या उद्योगाचा एकच नियम होता आणि तो आत्यानं घटनेच्या कलमासारखा पाळला. पत्ता विकायचा नाही, फुकट द्यायचा नाही. समोरच्यानं स्वतःच्या हातानं पत्ता करून द्यायचा आणि मगच आपला न्यायचा. न्यूझीलंडच्या एका बाईंशी तिची अशी अदलाबदल झाली. पण टपालाची वाट बघण्याइतका धीर तिच्यात नव्हता, आणि कोल्हापुरात दुसरं कुणी पत्ते करत नव्हतं. मग तिनं लोकांना करायला लावले. घरी येणाऱ्या दूधवाल्यानं म्हैस काढली, तिला पाच पाय झाले, आत्यानं पाचवा 'लिव्हर' म्हणून मंजूर केला. दवाखान्यात बी.पी. दाखवायला गेली तेव्हा डॉक्टरांना औषधाच्या पाकिटाची चंदेरी पानं चिकटवायला बसवलं, बाहेर पेशंट खोळंबले. मी भूगोलाचा मास्तर. मी मोठ्या हौसेनं होकायंत्र आणि जिल्ह्याचा नकाशा काढून नेला. तिनं तो उजेडात धरला आणि म्हणाली, "जावईबापू, ह्यो पत्ता न्हाय, ह्यो चाचणी परीक्षेचा पेपर हाय. परत करून आणा."

वर्षभरात माळ्यावरचं पितळ संपलं. बाजारात पितळ पुष्कळ मिळे, पण आत्याला बोर्डाचंच हवं होतं, आणि ते आता गावात एकाच घरी उरलं होतं. ट्रंक बोर्डावर आत्याच्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या एक बाई होत्या. आत्या बोर्ड नंबर एक, त्या बोर्ड नंबर दोन. दोघी एका डब्यात जेवायच्या, एकीच्या डोक्यात कळ आली तर दुसरी दोन्ही बोर्ड सांभाळायची. आणि मग सुजाताच्या जन्माआधी काही महिने दोघींचं बोलणं जे बंद झालं ते बंदच होतं. आत्या तिचं नाव घेत नसे, 'दोन नंबर' म्हणे. का बिनसलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. या दोन नंबरबाई आता निवृत्त होऊन मंगळवार पेठेत एकट्या राहत होत्या, मुलगा पुण्याला. आत्यानं एक दिवस माझ्या हातात एक पत्ता ठेवला. त्यावर कानाला हेडफोन लावलेली, फुगलेली कोंबडी होती. "हे तिला द्या. पितळ द्या म्हणावं. मी सांगितलंय असं म्हणू नका." मी म्हणालो, "मग कुणी सांगितलंय म्हणू?" "ते तुमचं तुम्ही बघा की!"

दोन नंबरबाई बारीक अंगाच्या, स्वच्छ नऊवारी चेहऱ्याच्या आणि पाचवारी साडीच्या होत्या. त्यांनी चष्मा पुसून कोंबडी पाहिली, मान हलवली आणि म्हणाल्या, "कोंबडी मी आहे वाटतं. ठीक आहे. नियम काय आहे या खेळाचा?" मी सांगितला. "मग पुढच्या रविवारी या." रविवारी त्यांनी थालीपीठ खाऊ घातलं आणि एक पत्ता दिला. त्यावर तोंडाच्या जागी कर्णा बसवलेली बाई गॅलरीत उभी होती आणि खाली घरांची कौलं उडत होती. कर्ण्याच्या मधोमध एकच पितळी प्लग चिकटवला होता. त्यांच्याकडं पिशवीभर पितळ होतं, पण त्यांनी एका पत्त्याला एकच तुकडा द्यायचं ठरवलं होतं. आत्यानं तो पत्ता बघितला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि मामांना हाक मारून म्हणाली, "बघा, मला कर्णा केलाय भवानीनं!" मामा गॅलरीतून खालची कौलं बघून आले.

तिथून पुढं दोन पावसाळे मी दोन पेठांतला टपालवाला झालो. जावयाचा मान म्हणजे काय ते मला या काळात नीट कळलं. शिव्या तोंडानं द्यायच्या नव्हत्या, म्हणून त्या चित्रात उतरल्या आणि दोघींचा हात सुधारत गेला. आत्यानं बॉयलरएवढ्या पोटाची बाई केली, तिकडून चावी दिल्यावर भांडणारी बाहुली आली. आत्यानं हेडफोन घालून झोपलेलं मांजर केलं, तिकडून तांब्याच्या तारेच्या जटा असलेली जखीण आली. एका घरी तांबडा-पांढरा रस्सा, दुसऱ्या घरी थालीपीठ. माझं वजन वाढलं. दोघीही आधी विचारत, "काय म्हणाली?" आणि मी "काही नाही" म्हटलं की दोघींचाही चेहरा सारखाच पडे.

एकदा मामांना स्कूटरवरून स्टँडला सोडताना मी कारण विचारलं.  स्टँडवर उतरल्यावर त्यांनी पिशवी खांद्याला लावत सांगितलं. सुजाताच्या वेळी आत्याला सातवा महिना चालला होता. आधीची दोन गेलेली. डॉक्टरांनी नोकरीला कशीबशी परवानगी दिली होती, प्रवास अजिबात नाही. त्या जुलैत दुपारी राधानगरीकडच्या त्यांच्या गावाहून माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आत्याच्या भावानं, ट्रंककॉल लावला. तात्यांचं, त्यांच्या वडिलांचं, काही खरं नाही, बहिणीला पाठवा. कॉल बोर्ड नंबर दोनवर आला. आत्या तेव्हा चहाला उठली होती. पुलावर पाणी आलं होतं, एस.टी. बंद होत्या. ती परत येऊन खुर्चीत बसली आणि दोन नंबरबाईंनी तिला काही सांगितलं नाही. पाळी संपेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. सकाळी पाणी उतरल्यावर त्या जीप घेऊन दारात आल्या आणि तेव्हा सांगितलं. गावात पोचेपर्यंत तात्या गेले होते. "बरोबर केलं का चूक, मला अजून ठरवता येत न्हाय," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

त्यानंतरच्या दिवाळीला दोन नंबरबाईंनी मला बोलावून घेतलं. घरात खोकी बांधलेली होती. मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. त्यांनी पितळाची अख्खी पिशवी माझ्या हातात दिली आणि वर एक पत्ता. या पत्त्यावर कुणाची टिंगल नव्हती. तांब्याच्या बारीक तारांचा पाऊस होता, शेजारी शेजारी दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर बाई बसलेली, तिच्या हातात प्लग, आणि प्लग कुठंच लावलेला नव्हता. "हे तिला द्या," त्या म्हणाल्या. "बदल्यात काही नको म्हणावं."

आत्यानं पिशवी बाजूला ठेवली. पत्ता हातात घेऊन ती इतका वेळ गप्प बसली की मामा स्वयंपाकघरातून बाहेर आले. मग तिनं सुजाताला चपला घालायला सांगितलं आणि आम्ही तिघं मंगळवार पेठेत गेलो. दार उघडंच होतं. दोन नंबरबाई खोक्यावर बसल्या होत्या. उठल्या नाहीत, कदाचित उठवलं नसेल.

आत्या दारातूनच म्हणाली, "तू मला सांगायला पायजे हुतंस."

"हो," त्या म्हणाल्या. "सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर मी चालत निघालो असतो. पुलावरनं सुद्धा."

"म्हणूनच नाही सांगितलं."

 आत्यानं सुजाताला पाठीवर हात ठेवून पुढं केलं. "ही माझी पोरगी. आठवीत हाय. चित्रं माझ्यापेक्षा वाईट काढती." दोन नंबरबाईंनी इतकी वर्षं एकाच गावात राहून त्या पोरीला जवळून पाहिलं नव्हतं. त्यांनी तिचा हात धरला आणि ती कुठल्या शाळेत जाते, गणित जमतं का, रात्री अंधाराला भिते का, असं काहीबाही विचारत राहिल्या. हात सोडायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. आत्या दाराजवळच्या खोक्यावर टेकून दोघींकडं बघत होती. निघताना तिनं भांड्यांचं एक खोकं नीट बांधलं नव्हतं म्हणून सोडून पुन्हा बांधलं आणि सुतळीवरून दोन नंबरबाईंना चांगलं झापलं.

पुण्याहून पत्ते टपालानं येत राहिले. पण आता त्यांत फुलं असायची, फुलपाखरांना पितळी पंख असायचे, आणि आत्याही तशीच फुलपाखरं पाठवायची. एकदा सगळे पत्ते ओळीनं मांडून ती मला म्हणाली, "खरं सांगू जावईबापू? भांडण मिटलं आणि कला गेली बघा." तरी पोस्टमनची वाट ती रोज बघायची.

दोनेक वर्षांनी एका सकाळी पुण्याहून दोन नंबरबाईंच्या मुलाचा फोन आला, आई गेली म्हणून. फोन आत्यानंच घेतला. ती आणि मामा एस.टी.नं जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. सुजातानं चहा केला. आत्यानं कप हातात धरून ठेवला आणि म्हणाली, "माझी पोरगी तिच्यामुळं हाय, हे मी तिला कधी म्हटलंच न्हाय."

"तिला ठावं हुतं," मामा म्हणाले.

"ठावं असणं येगळं. तेवढं म्हणायला पायजे हुतं." मग तिनं चहा पिऊन टाकला. गार झालेला चहा तिला एरवी चालत नाही.

मी निघालो. या घरातून निघणाऱ्या माणसाला जिना उतरेपर्यंत वरून काहीतरी ऐकावंच लागायचं, बायकोला चटणी नेऊन द्या, स्कूटर सावकाश चालवा, मफलर कुठाय. त्या दिवशी मी खाली पोचलो, चपलेचा पट्टा उगाच दोनदा नीट केला, तालमीसमोर थोडा वेळ उभा राहिलो. वर गॅलरीत सुजाता आली, हात हलवून आत गेली. मग मी स्कूटर ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि तिथं चालू केली.