मध्यरेषेवरचा हात

माझा मेहुणा कबड्डी खेळायचा आणि दुबईत येऊन तो एक हंगाम अमेरिकन फुटबॉल खेळला, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला आधी हसू येतं. मलाही आलं होतं. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो की ही गमतीची गोष्ट नाही.

दोन हजार सालानंतरची एक-दोन वर्षं असतील. दुबई मरीनात तेव्हा नुसते खड्डे आणि क्रेन होत्या. आम्ही राहायला शारजात, कारण भाडं निम्मं. मी एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर. नकाशे बघून सळई किती, सिमेंट किती, माणसं किती लागतील ते काढायचं काम. हिचा मधला भाऊ कऱ्हाडजवळच्या गावातून व्हिजिट व्हिसावर आला होता. जिल्ह्याच्या संघात सहा वर्षं खेळला. खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागेल असं प्रत्येक वर्षी कुणीतरी सांगायचं, आणि सांगता सांगता त्याचं भरतीचं वय निघून गेलं. व्हिजिट वाढवून वाढवून तीन महिन्यांचा होणार होता. तेवढ्यात नोकरीचा व्हिसा मिळाला तर राहायचं, नाहीतर परत. परत जाऊन गावात करण्यासारखं काही नव्हतं. तो सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सीव्ही वाटत फिरायचा आणि दुपारी कॉलर मळवून परत यायचा.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला त्याला कबड्डीत उतरवलं. समोर आमच्यासारखे सुटलेल्या पोटांचे ऑफिसवाले. त्याने एका चढाईत चौघांना अंगावर घेऊन मध्यरेषेपर्यंत ओढत आणलं आणि पडता पडता हात लांब करून रेषेला बोटं लावली. बायका किंचाळल्या. तिथेच त्याला शेठनी पाहिलं.

शेठ म्हणजे आमच्या मंडळाचे आश्रयदाते. मुंबईहून स्टोअरकीपर म्हणून आले होते, आता पराती, म्हणजे बांधकामाभोवतीचे चढायचे सांगाडे, बांधायचं कंत्राट घ्यायचे आणि कामगार पुरवायचे. गणपतीच्या हॉलचं भाडं दरवर्षी तेच भरायचे, त्यामुळे मंडळात त्यांच्या विनोदाला जरा लवकर हसलं जायचं. त्या वर्षी इथल्या काही अमेरिकनांनी चार संघांची एक छोटी लीग काढली होती. खेळाडूंना मॅचमागे मानधन होतं, म्हणून ती व्यावसायिक म्हणायची. बाकी सगळं रग्बी क्लबचं भाड्याचं मैदान आणि घडीच्या खुर्च्या. शेठनी त्यातला एक संघ पुरस्कृत केला होता. फुटबॉलशी त्यांचा संबंध नव्हता. अबू धाबीपलीकडच्या रुवैसच्या रिफायनरीच्या कामावरचे अमेरिकन साहेब मॅच बघायला यायचे, त्यांच्याशी होता.

"कुठून आणलात हा पैलवान?" शेठनी मला विचारलं.

"मेहुणा आहे. नोकरी बघतोय."

"एवढं अंग घेऊन नोकरी बघतोय? अहो, माझ्या टीमला असाच माणूस पाहिजे. आमचे गोरे पळतात छान, पण पळणाऱ्याला धरणारा एक नाही."

"त्याला फुटबॉल येत नाही."

"मला तरी कुठे येतो? टीम माझीच आहे ना!" मग हिच्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमचा भाऊ तो माझा भाऊ. सीझन संपला की व्हिसा माझ्याकडे. सुपरवायझर म्हणून घेतो."

"आत्ताच का नाही घेत?" मी विचारलं.

"आत्ता व्हिसाचा कोटा बंद आहे हो. मार्चमध्ये उघडतोय. इन्शाल्ला, पहिलं नाव याचं."

मी बारा वर्षं टेंडरं भरत होतो. 'इन्शाल्ला' हा शब्द कुठल्या रकान्यात धरायचा ते मला तोवर कळलं नव्हतं. पण ही इतकी खूश झाली की मी पुढे काही विचारलं नाही. मेहुणा तर रस्त्यानेच म्हणाला, "दाजी, झालं की हो काम."

आठवड्यातून तीन संध्याकाळी मी त्याला सरावाला नेऊन सोडायचो. तो ऐंशी-बयांशी किलोचा. गावात तो धिप्पाड होता, इथे त्याच्यापुढे दीडपट वजनाची माणसं होती. प्रशिक्षक होता एक निवृत्त अमेरिकन फौजी. पहिल्या दिवशी त्याने याला हेल्मेट दिलं. ते घालून हा गाडीपाशी आला आणि जाळीतून म्हणाला, "दाजी, ह्यात दम कसा घ्यायचा?" पण चौथ्या-पाचव्या सरावात प्रशिक्षकाच्या लक्षात आलं की हा छातीवर जातच नाही. हा वाकतो, घोटा धरतो, आणि एकदा धरलेला घोटा सोडत नाही. त्याने याला बचावात मागच्या फळीत उभं केलं. काम एकच. पुढच्यांना चुकवून जो सुटेल, त्याचा पाय धरायचा.

नियम मी वाचून काढले आणि घरी जेवणाच्या टेबलावर मीठदाणी, चमचे मांडून त्याला समजावले. माझी अकरा वर्षांची मुलगी बाजूला बसून शिकली. तिला माझ्याआधी कळलं.

"मामा, बॉल मिळाला तर दोन्ही हातांनी होल्ड करायचा आणि कर्ल अप व्हायचं. ओके?"

"आणि मधली रेघ?" तो विचारायचा.

"देअर इज नो मधली रेघ! म्हणजे आहे, बट इट मीन्स नथिंग."

"अशी कशी नथिंग? एवढी पांढरी रंगवलीय की."

असं बोलून तो तिला चिडवायचा. पण मला वाटतं, पन्नास यार्डांच्या त्या रेषेला काहीच अर्थ नाही, हे त्याच्या डोक्याला पटलं असलं तरी अंगाला पटलं नव्हतं. सोळाव्या वर्षापासून त्या अंगाला एकच शिकवलेलं. शत्रूच्या अंगणात सापडलास, तर कसंही करून मधल्या रेषेला हात लाव. लागला की तू जिवंत.

मॅच शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर असायच्या. मॅचचे त्याला तीनशे दिरहाम मिळायचे, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ चार हजार रुपये. ही दर वेळी मोठ्याने गुणाकार करायची. पाकिटावर काही लिहिलेलं नसायचं. मी शेठना एकदा म्हटलं, "व्हिजिट व्हिसावर काम करता येत नाही. काही झालं तर?" ते म्हणाले, "हे काम थोडंच आहे, हबीबी? खेळ आहे. पेट्रोलचे पैसे समजा." मला ते बरोबर वाटलं नाही. पण मार्च जवळ आला होता.

तो चांगला खेळला. हे मी मेहुणा म्हणून सांगत नाही. शेवटच्या साखळी सामन्यापर्यंत त्याच्या हातून निसटून पुढे गेलेले खेळाडू मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. गोरे त्याच्या पाठीवर थापा मारायचे. एकाने त्याला स्वतःचे जुने बूट दिले. ते त्याने गावी न्यायच्या बॅगेत ठेवले होते, वापरले नाहीत.

त्या शेवटच्या सामन्याला शेठनी मंडळाच्या लोकांना आणायला दोन बसगाड्या पाठवल्या. रुवैसचे साहेब येणार होते, खुर्च्या रिकाम्या दिसायला नको होत्या. आम्ही साठ-सत्तर माणसं एका बाजूला बसलो. जिंकलो तर अंतिम सामना, अशी स्थिती.

दुसऱ्या सत्रात समोरच्या खेळाडूच्या हातातून चेंडू सुटला आणि उडत उडत याच्यासमोर पडला. याने उचलला आणि पळत सुटला. त्याला चेंडू घेऊन पळताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. मागून एकाने कमरेला मिठी मारली. मिठीसकट हा चार पावलं गेला, मग गुडघ्यावर आला. इथे खेळ संपतो. चेंडू पोटाशी धरून गोळा व्हायचं, शिट्टी होते, उठायचं. याने चेंडू डाव्या बगलेत दाबला, उजवा हात पूर्ण लांब केला आणि पन्नास यार्डांच्या रेषेवर पंजा ठेवला.

आमची सगळी बाजू उभी राहिली. "आला! आला!" साठ-सत्तर मराठी माणसं टाळ्या वाजवत होती. ही पण वाजवत होती. माझी मुलगी एकटी ओरडत होती, "मामा, होल्ड द बॉल! होल्ड द बॉल!" त्याने मान वर करून आमच्याकडे बघितलं. जाळीच्या आत तो हसत होता. तेवढ्यात मागून वेगाने येणारा तिसरा माणूस थांबू शकला नाही आणि त्या ताणलेल्या हातावर, कोपरावर, सगळ्या वजनानिशी पडला.

टाळ्या काही क्षण चालूच होत्या.

कोपर निखळलं होतं आणि आतलं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन करून तारा घातल्या. बिलाबद्दल मी लिहीत नाही, ते आमच्या घरात भागलं. हॉस्पिटलात संघातले दोघे गोरे फुलं घेऊन आले. शेठ आले नाहीत. त्यांचा संघ पुढच्या शुक्रवारी अंतिम सामना जिंकला. त्यांनी मंडळाला जेवण दिलं. आम्हालाही निरोप होता, आम्ही गेलो नाही. लीग त्या एका वर्षातच बंद पडली.

डॉक्टर म्हणाले, हात पूर्ण सरळ होणार नाही. म्हणजे कबड्डीही संपली. मार्च लागल्यावर मी शेठच्या ऑफिसात गेलो. त्यांनी चहा मागवला.

"कोटा उघडला का?" मी विचारलं.

"उघडला. पण तुम्हीच सांगा, असा हात घेऊन मी त्याला परातीवर कसा चढवू? व्हिसाच्या मेडिकलला उभा केला तर काय म्हणतील?"

"तुम्ही सुपरवायझर म्हणाला होतात. सुपरवायझर परातीवर चढत नाही."

"बोललो असेन हो. त्या दिवशी मैदानावर सगळेच बोलत होते."

"हात तुमच्या संघात मोडला."

शेठनी चहाचा कप खाली ठेवला. "माझ्या रोलवर तो कधी होता? व्हिसा तुमच्या नावावर, तुम्ही त्याला आणून सोडत होतात. हौसेने खेळायला आला, लागलं. वाईट झालं. पण हे प्रकरण वाढवाल तर विचारणा आधी स्पॉन्सरला होते, आणि स्पॉन्सर तुम्ही आहात. आपण एका मंडळातले, म्हणून सांगतो. खलास करा."

ते खोटं बोलत नव्हते. कागदावर सगळं त्यांच्याच बाजूने होतं, आणि मी कागदावर जगणारा माणूस. मी चहा न घेता उठलो, एवढाच माझा पराक्रम.

घरी येऊन मी सगळं शब्दशः सांगितलं. ही रडली, मग चिडली. मंडळात चार लोकांसमोर त्यांना विचारा, म्हणाली. मीही ठरवलं, विचारायचं. पुढच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. होईल ते होईल. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना मेहुणा गळ्यात हात अडकवून एकटाच टॅक्सीने शेठकडे गेला. संध्याकाळी मी आलो तेव्हा तो गॅलरीत बसला होता.

"दाजी, काम झालं."

"तुझं?"

"माझं कुठलं? धाकट्याचं." हिचा सगळ्यात धाकटा भाऊ वेल्डिंग शिकून गावी बसून होता. "त्यो चढंल की परातीवर. दोन्ही हात धड हायत त्याचे. रुवैसला पाठवतो म्हणाले. कागद कराय घेतले माझ्यासमोर."

"आणि त्याबदली?"

तो खाली रस्त्याकडे बघत म्हणाला, "मंडळात तुम्ही इचारणार म्हणून त्यांना घोर लागलाय. साहेबलोकांच्या कानावर गेलं तर कंत्राट जाईल. मी म्हटलं, दाजी काय बोलणार न्हाईत. मी हौसेनं गेलो हुतो, असंच सांगतील."

"माझ्या वतीने तू शब्द दिलास?"

"मग कुणाच्या देऊ? माझ्या शब्दाला तिथं काय किंमत हाय? तुमच्या हाय. तुम्ही खोटं बोलत न्हाई, हे सगळ्यांना म्हाईत हाय." मग हळूच म्हणाला, "हात तर गेलाच, दाजी. कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या."

मी ओरडलो त्याच्यावर. काय काय बोललो ते आता लिहिण्यात अर्थ नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. आठ दिवसांनी तो गावी परत गेला.

धाकटा पावसाळ्यात आला. रुवैसला वेल्डर, चार जणांत एक खोली. शेठनी दिलेला शब्द पाळला. हेही खरं आहे, आणि ते मी लिहिलं नाही तर हिशोब पुरा होणार नाही.

त्या वर्षी गणपतीत आरती झाल्यावर शेठ हॉलमध्ये लोकांना किस्सा सांगत होते. पैलवान कसा बॉल घेऊन पळाला आणि सगळं मैदान मोकळं सोडून मधल्या रेघेला हात लावून कसा पडला. स्वतः सतरंजीवर गुडघा टेकून त्यांनी हात लांब करून दाखवला. लोक पोट धरून हसत होते. तेच लोक, जे त्या दिवशी टाळ्या वाजवत होते. एक नवीन आलेले गृहस्थ म्हणाले, "पण मग त्याला भरपाई वगैरे काही?"

हसणं थोडं कमी झालं. शेठनी गुडघा झटकला आणि माझ्याकडे बघितलं. "यांनाच विचारा. त्यांचाच मेहुणा. काय हो, पगारावर होता का तो माझ्याकडे?"

"नाही," मी म्हणालो. "हौसेने खेळायला गेला होता."

"बघा! आणि हे गृहस्थ खोटं बोलणारे नव्हेत."

ही प्रसादाची ताटं लावत होती. तिने हातातलं ताट तिथेच ठेवलं, मुलीला उठवलं आणि चपला शोधायला गेली.

मी गाडी काढली. सिग्नलला मुलगी म्हणाली, "बाबा, यू सेड ही वेंट फॉर फन."

"हो."

"बट दॅट्स अ लाय."

"गप बस," ही म्हणाली. "धाकटा मामा आहे तिकडे."

त्यानंतर कित्येक वर्षं मुलीने मला कशाचंच खरं-खोटं विचारलं नाही. अभ्यासातलं काही अडलं तरी ती आईकडे जायची. धाकटा आता गाव धरून बसला आहे, शेठचं आमचं जाणं-येणं नाही, म्हणून हे लिहितो आहे. मुलगी कॅनडात असते. तिला मराठी वाचता येत नाही.