कोठीतली हवा

टेंभुर्णीचा हरिओम जालन्याच्या एका तंत्रनिकेतनात शिकवतो. तो सातवीत असताना त्याचा चुलता जगन्नाथ गाळ काढायला विहिरीत उतरला आणि वर आलाच नाही. विहिरीच्या तळाशी जड हवा साचते. तिला ना रंग, ना वास. आधी कंदील खाली सोडून बघायची रीत आहे. त्या दिवशी कंदील विझला होता. वाऱ्यानं विझला, असं सगळे म्हणाले.

ती हवा ओळखणारं यंत्र करायचं, हे हरिओमनं तेव्हापासून मनात धरलं. नोकरी लागल्यावर काही वर्षं खपून त्यानं ते केलं. साबणाच्या वडीएवढा डबा. त्यात एका टोकाला अवरक्त किरण सोडायचे, दुसऱ्या टोकाला मोजायचे. हवेत कार्बन डायऑक्साइड जितका जास्त, तितके ते किरण वाटेत शोषले जातात. डबा दोरीनं विहिरीत सोडायचा आणि वर मोबाइलवर आकडा वाचायचा. मोकळ्या रानात तो चारशेच्या आसपास असतो. पाच हजारांवर गेला तर उतरायचं नाही.

असा आकडा वापरता वापरता सरकतो. तो बरोबर करत राहावा लागतो. गावात ते कोण करणार? म्हणून हरिओमनं यंत्रालाच शिकवलं, की आठवडाभरात जी सगळ्यात चांगली हवा मिळेल तीच मोकळी हवा, म्हणजे चारशे, समजायची आणि त्याखालचा आकडा दाखवायचाच नाही. या युक्तीवर तो खूश होता.

बॅटरी किती टिकते ते बघायला त्यानं डबा चालू करून आईच्या ज्वारीच्या कोठीत ठेवला.

"ज्वारीत काय इख शोधून राह्यला रे?" सोनूबाईनं विचारलं.

"ज्वारी बी श्वास घेती, माय."

"मंग तिला च्या बी पाज."

बंद कोठीत आकडा चढत गेला. यंत्र चाललं म्हणून हरिओमला बरं वाटलं. मग परीक्षा लागल्या आणि डबा तिथंच राहिला.

उन्हाळ्यात शेजारच्या कचरूमामानं विहीर साफ करायला काढली. हरिओम सुट्टीला आला होता. कोठीतला डबा घेऊन तो थेट मळ्यात गेला. मामाची बायको गोजरबाई कंदील घेऊन आली होती.

"ठिव तो," मामा म्हणाला. "भाचा इंजिनियर झाला, अन् तू अजून काचच पुसून राह्यली."

हरिओमही हसला. त्यानं डबा सोडला. वर चारशे, तळाशीही चारशे.

मामा उतरला. फावडं हातात घेतलं, एकदा मान वर केली आणि गाळातच बसला. दोराला गळ बांधून मळ्यातल्या पोरांनी त्याला वर काढलं, तेव्हा उशीर झाला होता.

कारण हरिओमला दोन दिवसांत सापडलं. यंत्रानं कोठीतली कोंदट हवा मोकळी हवा म्हणून धरली होती. विहिरीतली हवा तिच्याहून वाईट नव्हती.

गाव म्हणालं, यंत्र बिघडलं असेल. दहावा झाल्यावर तो गोजरबाईकडे गेला.

"बिघडल्तं का रे ते?"

"न्हाई, मामी. मी शिकवलं तेच त्यानं केलं. मीच चुकीचं शिकवलं."

"आकडा बघून तुला काईच वाटलं न्हाई?"

"वाटल्तं. वर-खाली एकच आकडा कसा? मंग म्हणलं, विहीर चांगली हाये."

गोजरबाई उठून आत गेली. हरिओम ओट्यावर बसून राहिला. आत ताट वाढल्याचा आवाज झाला. त्याला कुणी हाक मारली नाही.