खोलीबाहेर गेलेली गोष्ट

शाळेत मधुमतीच्या खोलीला मुलं ‘दिमागवाला कमरा’ म्हणत. पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं. नवऱ्याची, विनयची, बँकेत बदली झाली तेव्हा ती दोनच वर्षांसाठी म्हणून अकोल्याहून लखनौला आली. आता विकास नगरच्या या शाळेत समुपदेशक होऊन तिला नऊ वर्षं झाली होती. मुलं तिच्या हिंदीची नक्कल करत. ‘मॅम, मेरेको नहीं, मुझे!’ ती हसायची आणि पुन्हा तेच बोलायची. हसलेलं मूल लवकर मोकळं होतं, हे तिला ठाऊक होतं.

नववीतली सलोनी मात्र हसत नसे. तिचे वडील चंद्रकांत रेल्वेत इंजिनिअर. घरी आईवडील मराठीत विचारत आणि ती हिंदीत उत्तर देई. पण या खोलीची भिंत प्लायवूडची होती, पलीकडे मुलींचे कान असत. म्हणून इथे ती मोडकंतोडकं मराठी बोलायची.

‘काकू, मॅथ्सच्या ट्यूशनमध्ये माझा श्वास बंद होतो. मी आत जातच नाही. निशातगंजला बाजूच्या जिन्यावर बसते. घरी नका सांगू ना.’

‘सांगावं लागेल गं. पण तुझ्या पाठीमागे नाही. तू समोर असशील तेव्हाच.’

सलोनीने मान डोलावली होती. पुढच्या गुरुवारी आईला शाळेत बोलवायचं ठरलं होतं.

रविवारी गोमती नगरात सलोनीच्याच घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिच्या आईने, प्रतिमाने, मधुमतीला स्वयंपाकघरात नेऊन गरम गुळपोळी दिली, वर तूप सोडलं. ‘मधुमतीताई, तुम्ही आहात म्हणून मला तिचा घोर नाही हो.’

आठवडाभर परक्या भाषेत जपून बोलणारी मधुमती त्या तुपाच्या वासात सैल झाली. ‘ट्यूशनला जात नाहीये ती,’ ती हळूच म्हणाली. ‘घाबरते. रागवू मात्र नका.’

प्रतिमाच्या हातातला चमचा थांबला. तेव्हाच मधुमतीला कळलं, आपण काय करून बसलो ते.

सोमवारी धुकं इतकं होतं की शाळेचं फाटक दिसत नव्हतं. धुक्यामुळे शाळा दहाला भरत होती. सव्वादहाला वर्गशिक्षिकेने सलोनीची गैरहजेरी सांगितली आणि मधुमतीने प्रतिमाला फोन लावला.

‘अहो, ती तर नऊलाच निघाली! मीच ई-रिक्षात बसवलं.’ मग आवाज खाली गेला. ‘रात्री हे जरा जास्तच बोलले तिला. फोनही काढून घेतला.’

मधुमतीला गोमती नदीचा पूल आठवला. तो विचार तिने ढकलला. तो पुन्हा आला.

मुख्याध्यापिका शर्मिष्ठा मॅडमनी पोलिसांना फोन लावला. प्रतिमा अजून फोनवरच होती. जिन्याची जागा सांगावी का? तेवढी एकच जागा त्या मुलीपाशी उरली होती. पण आपण गप्प राहिलो आणि काही झालं तर?

‘निशातगंज,’ मधुमती म्हणाली. ‘ट्यूशनच्या शेजारचा जिना. तुम्ही निघा, मीही निघते.’

रिक्षावाल्याला पाच हातांवरचं दिसत नव्हतं. ‘मैडम, इससे तेज चलाऊँगा तो दोनों ऊपर जाएँगे।’ शाळेच्या गणवेशाचा निळा कोट दिसला की मधुमती अर्धी उठायची. प्रत्येक वेळी कोट दुसऱ्याच कुणाचा निघायचा.

जिन्याच्या खालच्या पायऱ्या रिकाम्या होत्या. मधुमती कठड्याला धरून उभी राहिली. वरून कुणीतरी खोकलं.

दुसऱ्या वळणावर सलोनी बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. ओठ थंडीने निळसर झाले होते. मधुमतीने आधी शाळेत आणि प्रतिमाला ‘सापडली’ एवढंच कळवलं, मग स्वतःची शाल काढून पुढे केली. सलोनीने ती घेतली नाही.

‘आपने बता दिया न, मॅम?’

मॅम. या मुलीने दोघीच असताना तिला कधी मॅम म्हटलं नव्हतं.

‘हो. मीच सांगितलं. तुला न विचारता. चुकलं माझं.’

‘और ये जगह?’

‘तीही सांगितली. तू दिसेना, मी घाबरले. तुझी आई दहा मिनिटांत पोचेल.’

सलोनीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे नुसतं दार लावून घेतल्यासारखं होतं.

‘पापा भी?’

‘माहीत नाही.’

खाली रिक्षा थांबली. चपलांचा आवाज जिना चढू लागला. दोन जणांचा. सलोनीचा श्वास तुटक होत गेला. मधुमती वळली आणि तिच्या खालच्या पायरीवर, वर येणाऱ्यांच्या वाटेत, जिना अडवून उभी राहिली.

‘चंद्रकांतभाऊ, तिथेच थांबा,’ ती खाली पाहून म्हणाली. ‘आधी माझ्याशी बोला.’

मागून शाल तिच्या हातातून हळूच ओढली गेली.