फाटकापर्यंतचे बाबा आणि आमचे सण

सण संपतो, केक संपतो, फुगे फुटतात. उरतात ते किस्से! आमच्या रुआबांध्याच्या घरात ते इतके साचलेत की पाहुणा आला की चहा उकळेपर्यंत एखादा सांगून होतोच.

मी भंडाऱ्याकडच्या हिंदू घरातली. नवरा जोसेफ नागपूरचा कॅथलिक, इथे भिलाईत स्टील प्लांटमध्ये नोकरीला. पोरं दोन, रीटा आणि टोनी. चर्चमध्ये व्हायचं ते होतंच, पण प्रत्येक सण घरीही पोरांसोबत करायचा हा जोसेफचा हट्ट.

माझा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकलेला. माझे बाबा आमच्या लग्नाला आले नाहीत आणि घरातही कधी येत नसत. हुडको कॉलनीतून स्कूटरवर यायचे, फाटकाशी उभं राहून नातवंडांशी भरपूर गप्पा मारायचे आणि परत जायचे. आई आत येऊन चहा घ्यायची, बाबा बाहेर. जोसेफचं नाव त्यांच्या तोंडी नाही, नुसतं 'तो'. दर सणाला मला वाटायचं, आज येतील आत!

* * *

डिसेंबरात संत निकोलसच्या सणाला मुलं दाराशी बूट ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ सापडतो. रीटाने डोकं चालवलं. आपला बूट एवढासा, त्यात मावणार किती? तिने पप्पांचे सेफ्टी शूज ठेवले!

मी बिचारी त्यात चॉकलेटं टाकून झोपले. जोसेफची पहिली पाळी. पहाटे घाईघाईत बूट चढवले आणि गेला. पुढे काहीतरी टोचतंय, तर मोजा गोळा झाला असेल असं त्याला वाटलं. दिवसभर भट्टीपाशी ड्युटी!

दुपारी घरी येऊन त्याने बूट काढले, पायाकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हे मोजे धुवायला टाकू, का पोरांना चाटायला देऊ?"

* * *

सर्व संतांच्या सणाला पोरं संतांची सोंगं घेतात. टोनीला व्हायचं होतं संत जोसेफ, म्हणजे सुतार. कापसाची दाढी झाली, हातात हातोडी आली, आणि स्वारी बाहेर आली ती पप्पांचं पिवळं हेल्मेट घालून!

"अरे, संतांच्या डोक्यावर हेल्मेट?"

"मम्मी, बिना हेल्मेट के गेट के अंदर कौन छोड़ेगा?"

फाटकातून बाबांचा आवाज आला. आयुष्यभर प्लांटमध्ये फोरमन होते ते. "बरोबर हाय त्याचं! पण पट्टा बांध ना बे, नाही तं चालान होईन!"

* * *

जानेवारीत तीन राजांचा सण. त्या दिवशी दाराच्या चौकटीवर खडूने सालाचे आकडे, क्रॉस आणि राजांची आद्याक्षरं लिहायची. वर्षभर घराला आशीर्वाद!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू तणतणत हजर. "तुमच्या घराचा सर्वे झाला, मंग आमचं घर कावून सोडलं?"

मी सगळं समजावून सांगितलं. काकूंनी मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे हा सरकारचा नाही, देवाचा सर्वे हाय. मंग तं आमचं घर बिलकुल सुटलं नाही पायजे!"

रीटा स्टूल आणि खडू घेऊन गेली. त्यांच्या दारावर आता लिंबू-मिरची, स्वस्तिक आणि तीन राजे गुण्यागोविंदाने नांदतात.

* * *

गुड फ्रायडेला आमचा उपास असतो, एकदाच साधं जेवायचं. हे मी आईजवळ बोलले, तिथेच चूक झाली. दुपारी बाबा फाटकाशी, हातात भलामोठा डबा. "तुया आईनं पाठवलं. त्याचा उपास हाय म्हणे."

डब्यात साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी, दाण्याचा लाडू आणि दही! जोसेफने सगळं चाटूनपुसून संपवलं आणि भिंतीला टेकून म्हणाला, "तुमच्यात उपासाला एवढं खातात, तर सणाला काय करता?"

मी हसले खरी, पण तो डबा घासताना मला रडू आलं. खिचडी आत आली होती, बाबा बाहेरूनच गेले होते.

* * *

आणि हा गेल्या वर्षीचा. पवित्र गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आम्हीही घरी एकमेकांचे धुतो. पोरांचा नियम असा की ज्याचे पाय धुतले, त्याने पुढच्याचे धुवायचे.

व्हरांड्यात टब मांडला होता. तेवढ्यात आई-बाबा आले. आई आत आली, बाबा फाटकाशी.

"आबाजी, आओ ना! पाय कम पड़ रहे हैं!" टोनी ओरडला.

"मी इथूनच पाहतो ना."

"मग आम्हीच येतो!" म्हणत रीटाने भरलेला टब उचलला. दोन पावलं गेली नाही तोच ती डगमगली.

"अवं पोरी, पडशीन!" बाबा धावले, टब धरला आणि तसाच उचलून व्हरांड्यात आणून ठेवला. पोरांनी तिथेच त्यांना खुर्चीत बसवलं. रीटाने त्यांचे पाय धुतले, पुसले आणि जाहीर केलं, "अब आबाजी का नंबर! पुढे कोण?"

पुढे जोसेफ होता.

त्याने पाय खुर्चीखाली ओढले. "नको बाबा, राहू द्या. पोरांचा खेळ आहे."

आईने तोंडाला पदर लावला. माझी तर बाबांकडे बघायची हिंमत होईना. बाबा टबाकडे नुसते बघत राहिले.

मग एकदम आईवर खेकसले, "पाहून काय राहिली वं? आत जाय, पितळेची परात आण! प्लास्टिकच्या टबात जावयाचे पाय धुवतेत काय?"