गच्चीवरची वजनं

नवी सून फार बोलत नाही, म्हणून घरातले किस्से तिच्याजवळच साचत जातात. लग्न होऊन मला सातच महिने झालेत. आमच्या वळ गावातल्या घराच्या गच्चीवर नवऱ्याची आणि दिराची जिम होती, तेवढ्यानेच माझ्याकडचा साठा भरला!

कॉलेजात मी वेटलिफ्टिंग करायचे. बघायला आले तेव्हा कुणीतरी आवड विचारली. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "विणकाम!"

लग्नानंतर खरं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बाईनं वजन उचलू न्हाय, गर्भपिशवी सरकते!" आणि त्याच दमात, "ती तांदळाची गोण आत घे."

*

भावोजींना दोन महिन्यांत बॉडी हवी होती. पावडरचा डबा दोन आठवड्यांत संपवला. मी म्हटलं, "भावोजी, वजन थोडं थोडं वाढवा, मध्ये एखादा दिवस आराम करा, डाळ-दूध पोटभर घ्या."

"वहिनी, तुम्ही टिफिन भरा ना!"

*

नवरा रोज सहा अंडी खायचा. फक्त पांढरं. बलक माझ्या ताटात. "फेकायचं कशाला?" सासूबाई म्हणायच्या. या घरात मला मिळालेली सगळ्यात पौष्टिक गोष्ट, ती दुसऱ्याला नको म्हणून!

*

दुपारी सगळे झोपले की मी कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचे. पाच किलोपासून पुन्हा सुरुवात केली. हळूहळू ब्लाउजच्या बाह्या घट्ट झाल्या. सासूबाईंचे डोळे चमकले. "काय गं, दिवस गेले?"

"नाही, आई."

"मंग अंगात काय भरतंय?"

"बलक."

दुसऱ्या दिवसापासून बलक कुत्र्याला!

*

नवरा पाठ वाकवून वजन उचलायचा. एकदा न राहवून म्हटलं, "अहो, पाठ सरळ ठेवा, वजन कमी करा."

भावोजी हसले. "दादा, कोच आली!"

नवऱ्याने आणखी दोन प्लेटा चढवल्या. मग तो ओरडला.

डॉक्टरांनी आडवं राहायला सांगितलं. सासूबाईंनी ठरवलं, घराला नजर लागली, वजनं भंगारात द्यायची. भावोजी गोडाऊनमध्ये ड्युटीवर. भंगारवाला दारात उभा.

"सूनबाई, ती वजनं खाली आण."

आणली. दर खेपेला दोन्ही हातांत वीस-वीस किलो. गुडघे वाकवून, पाठ सरळ. नवरा पलंगावरून बघत होता. शेवटच्या खेपेला जिन्याच्या पायथ्याशी सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "सावकाश, पोरी, सावकाश!"

मी थांबले. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून मनापासून हसले.

"नवी फरशी हाय!"